भरती निघेपर्यंत काय करायचं?

अभ्यासिकेच्या पायरीवर बसून ऐकणाऱ्यांना, एसटीच्या खिडकीशी बसलेल्यांना, आणि खिशात मोबाईल ठेवून कापूस वेचणाऱ्यांनाही नमस्कार. ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरं वाटतं त्यांच्यासाठी आजचा भाग जसा बोललो तसाच इथे उतरवून देतोय.

मागच्या दोन भागांनंतर इनबॉक्समध्ये जे मेसेज पडले, त्यातल्या अर्ध्यांमध्ये एकच प्रश्न आहे. "भाऊ, मेगाभरती कधी निघते?" आता हे बघा, जाहिरात ज्या दिवशी सरकारी वेबसाइटवर येते, त्या दिवशी ती निघते. त्याच्या आधी जे काही असतं ते म्हणजे मंत्र्याचं भाषण, टेलिग्रामचा फॉरवर्ड, नाहीतर लाल बाण काढलेला यूट्यूबचा थंबनेल. म्हणून आज प्रश्न उलटा करतो. ती निघेपर्यंत तुम्ही काय करताय?

नवीन ऐकणाऱ्यांसाठी सांगतो, मी काही क्लासवाला नाही. आर्णीत माझं ऑनलाइन फॉर्मचं सेंटर आहे. दोन कॉम्प्युटर, एक प्रिंटर, फोटो आणि सही स्कॅन करायची मशीन, बस. पण या खुर्चीवर बसून जे दिसतं ते पुण्याच्या मोठ्या क्लासमध्ये दिसत नाही. तिथे यादीत नाव लागलेल्यांचे फ्लेक्स असतात. माझ्याकडे नाव न लागलेले परत येतात. पोरगा पहिल्यांदा येतो तेव्हा बापासोबत येतो, नीट कंगवा फिरवून, फोटोसाठी नवा शर्ट घालून. चौथ्या-पाचव्या वेळी एकटा येतो, फोटो मागच्याच फाइलमधला वापरा म्हणतो, आणि जन्मतारखेच्या रकान्यापाशी जरा थांबतो. मनात हिशोब करतो, अजून किती वर्षं उरली.

हा हिशोब का करावा लागतो, त्यासाठी एकच उदाहरण पुरे आहे. मार्च 2019 मध्ये राज्यातल्या जिल्हा परिषदांची मोठी भरती निघाली होती. 13 हजारांवर जागा. पोरांनी फॉर्म भरले, फी भरली. मग निवडणुका आल्या, सरकार बदललं, महापरीक्षा पोर्टल बंद झालं, कोरोना आला. परीक्षा काही झाली नाही. शेवटी ती जाहिरातच रद्द झाली, आणि ऑगस्ट 2023 मध्ये 19,460 जागांची नवी जाहिरात आली. जुनी फी परत मिळवायला पुन्हा ऑनलाइन माहिती भरा, बँकेचा नंबर द्या, हे वेगळंच. काही पदांच्या परीक्षा तर 2024 पर्यंत लांबल्या. म्हणजे 2019 ला जो 22 वर्षांचा होता, तो पेपरला बसला तेव्हा 26-27 चा झाला होता. 2023 मध्ये सरकारने वयात दोन वर्षांची सवलत दिली म्हणून कित्येक जण वाचले. पण सवलतीने वय वाढवून मिळतं, गेलेली वर्षं मिळत नाहीत.

गंमत बघा, या जिल्हा परिषदांचा आराखडा ज्या समितीने मांडला तिचे अध्यक्ष आपल्या पुसदचे वसंतराव नाईक. तेव्हा ते महसूलमंत्री होते. 1961 ला कायदा झाला आणि 1 मे 1962 पासून जिल्हा परिषदा सुरू झाल्या. गावातली शाळा, दवाखाना, रस्ता हे सगळं जवळच्या ऑफिसातून चालावं हा त्यामागचा विचार. साठ वर्षांनी त्याच ऑफिसातल्या खुर्चीसाठी आपल्या पोरांनी चार वर्षं वाट बघितली.

आता तलाठी भरती घ्या. 2023 मध्ये 4,644 जागा होत्या. अर्ज आले दहा लाखांहून जास्त. एका खुर्चीमागे दोनशेच्या वर माणसं. फी खुल्या प्रवर्गाला 1,000 रुपये, मागासवर्गीयांना 900. त्यावर सेंटर दूरच्या शहरात आलं तर जाण्यायेण्याचा, राहण्याचा खर्च. माझ्याकडे एक पोरगा येतो, नाव सांगत नाही. त्याने एका वर्षात भरलेल्या सगळ्या फॉर्मच्या पावत्या आम्ही एकदा टेबलावर मांडल्या. तलाठी, जिल्हा परिषदेची तीन पदं, वनरक्षक, पोलीस, आणखी दोन. सगळं मिळून त्याच्या घरच्या एका एकरातल्या कापसाच्या नफ्यात बसेना. नफा झाला त्या वर्षी, हे पण सांगतो.

हे ऐकून कोणाला वाटेल, हा माणूस नाउमेद करतोय. तसं नाही. 2024 च्या यूपीएससीत आपल्या यवतमाळची आदिबा अनम देशात 142 वी आली. वडील ऑटो चालवतात. तिचा फोटो तुम्ही सगळ्यांनी स्टेटसला ठेवला होता, मी पण ठेवला होता. ठेवायलाच पाहिजे. पण स्टेटस ठेवणाऱ्या शंभरातल्या नव्वद जणांना पब्लिक सर्व्हिस म्हणजे फक्त लाल दिव्याची गाडी दिसते, आणि तो दिवा तर 2017 मध्येच काढून टाकला! कोलामांच्या पोडावर राहणाऱ्या म्हाताऱ्या बाईसाठी सरकार म्हणजे कलेक्टर नसतो. तिचं सरकार म्हणजे ग्रामसेवक, नर्सबाई, वनरक्षक, पोस्टमन आणि अंगणवाडीची ताई. ही माणसं चांगली निघाली तर तिला सरकार चांगलं वाटतं. त्या जागा आपल्याच तालुक्यात असतात आणि आपण त्यांच्याकडे 'राज्यसेवा नाहीच झालं तर' म्हणून बघतो.

वनरक्षकाचं घ्या. वेतनश्रेणी 21,700 ते 69,100, पोलीस शिपायाइतकीच. मागच्या भरतीत लेखी परीक्षेनंतर मुलांना 5 किलोमीटर आणि मुलींना 3 किलोमीटर धावायचं होतं, त्याला 80 गुण. त्यानंतर चालण्याची चाचणी, चार तासांत मुलांना 25 आणि मुलींना 16 किलोमीटर. आता मला सांगा, शेतात जाऊन येऊन, लाकूडफाटा आणून, कॉलेजला पायी जाऊन वाढलेल्या पोरीला 16 किलोमीटर चालणं काय नवीन आहे? शहरातल्या मुलीला त्याची वेगळी तयारी करावी लागते. आणि काम कुठे? टिपेश्वरसारख्या जंगलात. 2019 मध्ये याच टिपेश्वरचा एक वाघ कॉलर लावलेला असताना हजार किलोमीटरच्या वर चालत बुलढाण्याच्या ज्ञानगंगापर्यंत गेला. त्याच्या वाटेवर जेवढी गावं लागली, तिथे लोकांना शांत ठेवणारा कोणीतरी वनरक्षकच असेल ना. आणि पांढरकवडा-राळेगाव भागात वाघिणीच्या भीतीने शेतं कशी ओस पडली होती हे 2018 मध्ये आपण बघितलंय. अशा वेळी गावकऱ्यांशी त्यांच्या बोलीत बोलणारा माणूस खात्यात असणं म्हणजे काय, हे मी वेगळं सांगायला नको.

बोलीचं निघालं म्हणून सांगतो. तुम्हाला कोलामी येते, गोंडी येते, गोरमाटी येते, त्याला कोणत्या पेपरात गुण नाहीत. नोकरी लागल्यावर मात्र पहिल्या दिवसापासून ती कामाला येते. मुलाखतीत आपण बंजारा तांड्यावरचे आहोत हे दबक्या आवाजात सांगणारी पोरं मी बघितली आहेत. कशाला?

आता पेसाबद्दल, कारण यावर सगळ्यात जास्त चुकीची माहिती फिरते. आपला जिल्हा पूर्ण नाही, पण काही भाग अनुसूचित क्षेत्रात येतो. केळापूर म्हणजे पांढरकवडा, घाटंजी, राळेगाव, मारेगाव, झरी-जामणी या बाजूची बरीच गावं. राज्यपालांच्या 2014 च्या अधिसूचनेपासून अशा भागातली तलाठी, ग्रामसेवक, आरोग्य सेवक, शिक्षक, वनरक्षक अशी ठरावीक पदं स्थानिक आदिवासी उमेदवारांमधून भरायची असं ठरलं. मग त्यावर कोर्टकचेरी झाली. 2023 च्या भरतीत निवड होऊनही तेरा जिल्ह्यांतली आदिवासी पोरं नेमणुकीविना बसून राहिली. आठवतं ना, ऑक्टोबर 2024 मध्ये विधानसभेचे उपाध्यक्ष नरहरी झिरवाळ मंत्रालयातल्या जाळीवर उतरले होते? मोबाईलवर आपण ते हसत हसत बघितलं. त्यातली एक मागणी हीच होती, पेसाची भरती करा. पुढे मानधनावर तात्पुरत्या नेमणुका देण्याचा तोडगा निघाला. मानधन आणि पूर्ण पगार यात फरक आहे, आणि ज्याने परीक्षा पास केली त्याला तो फरक का सोसावा लागावा, हा माझा साधा प्रश्न आहे. पण ज्यांची गावं त्या यादीत आहेत त्यांनी आपला स्थानिक रहिवासाचा कागद तयार ठेवाच. जाहिरात आल्यावर तलाठ्याच्या मागे धावण्यात आठ दिवस जातात.

ज्यांना परीक्षेचीच भीती बसली आहे त्यांच्यासाठी पोस्टाचं दार आहे. ग्रामीण डाक सेवक. परीक्षा नाही, दहावीच्या टक्क्यांवर यादी लागते. वय 18 ते 40. दहावीला गणित, इंग्रजी आणि इथली भाषा म्हणजे मराठी असावी लागते, सायकल चालवता यावी लागते. फी 100 रुपये, मुलींना आणि एससी-एसटीला तीही नाही. शाखा डाकपालाची श्रेणी 12,000 पासून आणि सहायक शाखा डाकपालाची 10,000 पासून सुरू होते, वर भत्ता. थोडं वाटतं? वाटू द्या. पण दिवसाचे चार-पाच तास काम, गावाजवळची जागा, आणि आतून खात्याच्या परीक्षा देऊन पोस्टमनपर्यंत जायची वाट. दहावीला नव्वदच्या वर गुण असलेली पोरं हा फॉर्म 'छोटी नोकरी' म्हणून सोडून देतात आणि तोच माणूस सहा वर्षांनी माझ्याकडे येऊन विचारतो, भाऊ, पोस्टाचा निघाला का?

केंद्राच्या परीक्षांबद्दल एक गोष्ट अजूनही अनेकांना माहीत नाही. स्टाफ सिलेक्शनची एमटीएस परीक्षा 2023 पासून आणि निमलष्करी दलांची जीडी कॉन्स्टेबल परीक्षा 2024 पासून मराठीत देता येते. हिंदी-इंग्रजीच्या भीतीने ज्यांनी हा रस्ता सोडला होता त्यांनी पुन्हा एकदा बघावं.

पोलीस भरतीवर पुढचा पूर्ण भाग करतोय, म्हणून आज थोडक्यात. आधी मैदान 50 गुणांचं, मग लेखी 100 गुणांची. मैदानात निम्मे गुण पडलेच पाहिजेत आणि लेखीला एका जागेमागे दहाच जण जातात. मुलांना 1600 मीटर, 100 मीटर, गोळा. मुलींना 800 मीटर, 100 मीटर, गोळा. 1600 मीटर 5 मिनिटं 10 सेकंदांत मारलं तर वीसपैकी वीस. 2024 ला 17,471 जागांसाठी सतरा लाखांवर अर्ज आले आणि मैदान ऐन जूनमध्ये पावसात सुरू झालं, तेव्हा फक्त कोरड्या डांबरावर पळून चालत नाही. आणि हो, पहाटे चारला नागपूर-तुळजापूर महामार्गावर काळा टी-शर्ट घालून पळणाऱ्या माझ्या मित्रांनो, ट्रकवाल्याला तुम्ही दिसत नाही. शाळेचं मैदान बघा, नाहीतर निदान पांढरं काही घाला.

मुलींसाठी एक वेगळी गोष्ट. अंगणवाडी सेविकेची जागा त्याच गावात राहणारीला मिळते, बारावी पास लागते. मानधन आहे, पगार नाही, आणि त्यासाठी त्यांना दर दोन वर्षांनी आंदोलन करावं लागतं, हे खरं. पण पर्यवेक्षिकेच्या काही जागा सेविकांमधूनच भरल्या जातात. पदवी झालेली ताई सेविका म्हणून राहून ती परीक्षा देऊ शकते. घरचे बाहेरगावी पाठवत नाहीत म्हणून जिचं सगळंच थांबलंय, तिच्यासाठी ही वाट बंद नाही.

आता कागद. इथे मी जरा जास्त बोलणार, कारण गुण असूनही नोकरी हातची गेलेली मी इथेच बघितली आहे. जातीचा दाखला आणि जात पडताळणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दाखला एसडीओकडून मिळतो, पडताळणी समिती करते, आणि आदिवासींसाठी समिती वेगळी असते. पडताळणीला जुने पुरावे लागतात. आजोबांचा शाळेतला दाखला, कोतवाल बुकातली नक्कल, जुनं खासरापत्रक. ते शोधायला महिने जातात. निवड झाल्यावर शोधायला निघालात तर घाम फुटतो. नॉन-क्रिमिलेअर जाहिरातीत दिलेल्या तारखेला चालू असलं पाहिजे. ईडब्ल्यूएसचं प्रमाणपत्र तर वर्षापुरतंच. आणि नाव! दहावीच्या सनदेवर एक, आधारवर दुसरं, दाखल्यावर तिसरं. 'राठोड' ची स्पेलिंग तीन प्रकारे लिहिलेली एकाच घरात सापडते. लग्न झालेल्या ताईंना तर नावबदलाचं राजपत्र आधी काढून ठेवावं लागतं.

एक कागद असा आहे की त्याबद्दल बोलताना जड जातं. सरळसेवेत दोघांना सारखे गुण पडले तर आत्महत्याग्रस्त शेतकऱ्याच्या मुलामुलीला आधी प्राधान्य मिळतं. आपल्या जिल्ह्यात हे किती घरांना लागू होतं ते तुम्हाला माहीत आहे. फॉर्ममध्ये तो रकाना आला की काही पोरं 'नाही' वर टिक मारतात. लाज वाटते, किंवा ते पुन्हा आठवायचं नसतं. मी काही बोलत नाही, फक्त एकदा माउस थांबवतो. तो हक्क बापाने सोडलेल्या कर्जाबरोबर आलेला एकमेव उपयोगी कागद आहे. त्यांनी तो वापरावा असं मला वाटतं.

पैशाचं. क्लासला दोन लाख भरण्याआधी हे तपासा: ओबीसी, भटके-विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गासाठी नागपूरची महाज्योती, अनुसूचित जातीसाठी बार्टी, मराठा-कुणबी मुलांसाठी सारथी, आदिवासींसाठी टीआरटीआय. या संस्था प्रवेश परीक्षा घेऊन मोफत प्रशिक्षण देतात, बऱ्याच योजनांत विद्यावेतनही. अमरावतीला सरकारचं आयएएस पूर्व प्रशिक्षण केंद्र आहे. यांच्या जाहिराती येतात आणि जातात, कारण त्यावर कोणी थंबनेल करत नाही.

परवा लोणबेहळ बाजूचे एक काका आले होते. कापूस विकून आलेला पैसा बनियनच्या खिशात. म्हणाले, "भाऊ, पोराले पुण्याले पाठवू का? तो म्हणते तिथं गेल्याशिवाय होत नाही." मी विचारलं, पोरानं आतापर्यंत किती परीक्षा दिल्या? "एकही नाई, आत्ता तर बीए झाला." मी म्हणालो, काका, आधी त्याला इथूनच दोन परीक्षा देऊ द्या. किती गुणांनी मागे पडतो ते कळू द्या. वीस गुणांनी मागे असेल तर पुण्याचा विचार करू, ऐंशी गुणांनी मागे असेल तर पुण्याची मेस त्याला पुढे नेणार नाही. आणि राज्यसेवा म्हणत असेल तर त्याला रोज दोन पानं हाताने लिहायला लावा. 2025 पासून मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाली आहे, 1750 गुणांची, मुलाखत 275 ची. ऑप्शनला गोळे करून भागायचे दिवस तिथे संपले. काका म्हणाले, "मग तोवर तो बसून राहील का?"

काकांचा हाच प्रश्न आजचा विषय आहे. बसून राहायचं नाही. 2024 मध्ये मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजना आली, त्यात बारावीला 6,000, आयटीआय-डिप्लोमाला 8,000, पदवीधराला 10,000 रुपये विद्यावेतन. आधी सहा महिने, मग पाच महिने वाढवून दिले. ग्रामपंचायतीत, शाळांमध्ये आपली पोरं लागली. मुदत संपल्यावर कायम करा म्हणून आंदोलनं झाली. त्या पोरांचा राग मला समजतो. वर्षभर ज्या टेबलाचं काम केलं ते टेबल तसंच आहे, आणि आपण बाहेर. पण त्यातल्या एका पोरीने मला सांगितलं की सातबारा, नमुना आठ, ग्रामसभेचा ठराव हे तिला पुस्तकातून कधी कळलं नव्हतं ते अकरा महिन्यांत कळलं. असं काही पुन्हा आलं तर जा, मात्र कायम होण्याच्या भरवशावर जाऊ नका. नाहीतर मोबाईल रिपेअरिंग करा, दूध संकलनावर बसा, ट्यूशन घ्या. सकाळी चार तास अभ्यास आणि दुपारी कमाई करणारा पोरगा दिवसभर अभ्यासिकेत बसणाऱ्यापेक्षा मागे पडतो, असं मला माझ्या गिऱ्हाईकांत तरी दिसलं नाही. दिवसभर बसणाऱ्याचे तीन तास चहाच्या टपरीवर 'कट ऑफ किती लागेल' यातच जातात.

आणि घरी बसून एक वर्ष ठरवा, कागदावर लिहून. कोणत्या सालापर्यंत पूर्ण वेळ तयारी, त्यानंतर काय. हे आईबाबांसमोर लिहा. मुलींच्या बाबतीत घरचे ते साल परस्पर ठरवतात, म्हणून ताई, तुम्ही तर आधी लिहा. माझ्याकडे येणाऱ्या एका ताईने घरच्यांकडून दोन वर्षं मागून घेतली, लेखी. दीड वर्षात ती आरोग्य सेविका झाली. नसती झाली तरी तिची अट होती की नर्सिंगच्या जोरावर खासगी दवाखान्यात नोकरी करणार, लग्नाचं नंतर. दोन्ही दारं तिनेच ठरवलेली.

शेवटचं, पैसे घेऊन 'सेटिंग' करून देणारे. 2021 मध्ये आरोग्य विभागाच्या भरतीचा पेपर फुटला, टीईटीचा घोटाळा निघाला, आणि त्यात पकडले गेलेल्यांची नावं पेपरात आली. शेत गहाण टाकून दिलेले पैसे परत मागायला पोलीस ठाण्यात जाता येत नाही, कारण तुम्ही पण आरोपी होता. कोणी म्हणालं "साहेब आपलेच आहे", तर त्याला चहा पाजा आणि घरी पाठवा.

बरं, पुढच्या भागात पोलीस मैदान. गोळ्याच्या वजनापासून बुटापर्यंत सगळं. प्रश्न असतील तर व्हॉइस मेसेज टाका, फक्त मेगाभरती कधी हा सोडून! आणि ज्यांचं नॉन-क्रिमिलेअर 31 मार्चला संपतंय त्यांनी हा भाग बंद करून आधी ती तारीख बघा. चला, गिऱ्हाईक आलं.